पाण्याला नाही म्हणताना

आमच्या घरात पाणी चोरून प्यावं लागतं. मी शिकवते ती अंगणवाडी सुटली की दुपारी घरी येते, आत न जाता सरळ कांदा साठवायच्या चाळीमागे वळते, पिशवीतली बाटली काढते आणि उभ्या उभ्या घटाघटा पिते. आई देवघराच्या कोपऱ्यात बसून पिते आणि भांडं फरशीवर वाजू नये म्हणून पदरावर ठेवते. पाहुणा आला तर त्याला पाणी देण्याआधी माझ्या भावाला काहीतरी काम काढून बाहेर पिटाळावं लागतं. माठावरची ताटली सरकल्याचा आवाज त्याला भिंतीपलीकडून ऐकू येतो. जेवायला मात्र चार हाका घालाव्या लागतात.

कुणाला वाटेल, पाण्याची टंचाई असेल. टंचाई आहेच. आमचं गाव पारनेर तालुक्यात, माळावर. उन्हाळा तापला की टँकर सुरू होतो आणि टँकरचा हॉर्न ऐकला की अख्खी गल्ली हंडे-टिपाडं घेऊन पळते. पण आमच्या घरातली चोरी त्यासाठी नाही. माझा भाऊ पाणी पिऊन मरायला टेकला होता, आणि पुन्हा टेकू शकतो. हे वाक्य मी गावात इतक्या जणांना सांगितलंय की आता ते तोंडातून निघताना मलाच खोटं वाटतं. ऐकणारा आधी हसतो. मग म्हणतो, "पानी पिऊन कुनी मरतंय व्हय?"

तो माझ्याहून चार वर्षांनी लहान. कॉलेजला नगरला होता तेव्हा त्याला माणसं नसताना माणसांचे आवाज ऐकू यायला लागले. आधी गंडेदोरे झाले, अंगारे झाले, मग मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांनी नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. आईला ते नाव आजवर नीट उच्चारता आलेलं नाही. ती "त्याचं ते दुखनं" म्हणते. गोळ्यांनी आवाज विरळ झाले, गेले नाहीत. तो घरीच राहिला. गाईची धार काढतो, कांदा निवडतो, आणि असा निवडतो की व्यापाऱ्याला नाव ठेवायला जागा उरत नाही. मध्येच हात थांबतो, मान तिरकी होते, हळू आवाजात कुणाला तरी उत्तर देतो आणि पुढचा कांदा उचलतो. आम्हाला याची सवय झालेली आहे.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी तोंडाळ आहे. नवऱ्याचं घर मी सोडलं त्याचं कारण नवरा होता, पण गावाने कारण माझी जीभ ठरवली. अंगणवाडीतली पोरं सोडली तर सगळे मला बिचकून असतात. भाऊ तेवढा बिचकत नाही. लहानपणापासून माझी खोडी काढायची आणि मी भांडायला लागले की समोर मांडी घालून ऐकत बसायचं, हा त्याचा आवडता उद्योग. मला त्याचा अजून राग येतो. चिडवणाऱ्याने निदान उलटून बोलावं.

तहान कधी वाढली ते सांगता येत नाही. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडायची, म्हणून पाणी तो आधीपासून जरा जास्तच प्यायचा. मग तांब्या हातातून सुटेनासा झाला. आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. मोबाईलवर रोज सकाळी कुणी ना कुणी पाठवतंच, उठल्या उठल्या तांब्याभर पाणी प्या, सगळे रोग पळतील. गल्लीतल्या बायकांनी निदानही करून टाकलं, "गोळ्या गरम असत्यात. उष्नता हुती. पानी पाज त्याला." आईने त्याच्या खाटेशी वेगळा माठ मांडला, त्यात वाळ्याची जुडी टाकली आणि माठ रिकामा दिसता कामा नये असं स्वतःला लावून घेतलं. टँकर आला की पहिला हंडा त्या माठात, मग आमच्या टिपाडात.

त्यातच आईचा नवस. पोराच्या डोक्यातले आवाज जाईपर्यंत मायलेकरांनी रात्रीचं जेवण अळणी जेवायचं, असं तिने ग्रामदैवताला कबूल केलं होतं. एकटीचा नवस असता तर माझी हरकत नव्हती. पण देवाला दोघं कबूल केलेले. भावाने कधी तक्रार केली नाही. अळणी पिठलं, अळणी भाकरी, वर तांब्यावर तांब्या पाणी. मी म्हणायचे, "देवाला आपलं मीठ कशाला पायजे? त्याला काय चटनी वाटायची हाय?" आई कानांवर हात ठेवायची आणि माझ्या वतीने देवाची माफी मागायची.

आमच्या भागात पाण्याला फार जपतात, पण दुसऱ्याला पाजताना हात आखडत नाहीत. दारात कुणीही येवो, आधी तांब्या पुढे येतो, मग तू कोण, कुठला. भावाची सकाळची एक फेरी असायची. देवळाजवळच्या घरात पाणी, पिठाच्या गिरणीत पाणी, खताच्या दुकानात थंड जारचं पाणी, स्टँडवरच्या पाणपोईवर ओगराळ्याने पाणी, येताना शाळेच्या टाकीचा नळ, आणि शेवटी आमच्या समोरच्या म्हातारीकडे, कारण तिचं पाणी गार. तो एका फेरीत किती पीत असेल हे कुणालाच माहीत नव्हतं. प्रत्येकाने त्याला एकच तर तांब्या दिलेला असायचा.

त्या चैत्रात तो बिघडला. सकाळी डोकं धरून बसायचा, उलटी व्हायची, चेहरा सुजल्यासारखा दिसायचा. चालताना झोकांड्या जायला लागल्या तसे पारावरचे लोक म्हणाले, "सकाळीच टाकली का रं?" मी जवळ जाऊन त्याचं तोंड हुंगलं. वास कशाचाच नव्हता. एकदा गाईखाली बसून राहिला, धार काढायची कशी तेच आठवेना. आम्हाला वाटलं, ते दुखणं वर आलं. आईने धरलं की नवसात कुठेतरी उणं पडतंय, आणि तिने सकाळचं जेवणही अळणी केलं.

कांदा भरायच्या दिवशी टेम्पो दारात होता. हमाल गोण्या काट्यावर टाकत होते आणि भाऊ बाजूला बसून सुतळीने गोण्यांची तोंडं शिवत होता. त्याचा हात थांबला. मला वाटलं, नेहमीसारखा ऐकतोय. मग दाभण पडला, अंग ताठ झालं आणि तो कांद्याच्या ढिगावर आडवा जाऊन थडथडायला लागला.

फिट आली की आमच्याकडे एकच उपाय सगळ्यांना येतो, कांदा फोडून नाकाशी धरायचा. आणि आम्ही कांद्याच्या ढिगातच उभे. जो तो टाचेखाली कांदा फोडतोय, नाकाशी नेतोय, दोन्ही हमाल, टेम्पोवाला, आई, मी. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि रडतंय कोण, कांद्याने डोळे कुणाचे झोंबतायत, काही कळत नव्हतं. तेवढ्यात समोरची म्हातारी तांब्या घेऊन धावत आली. "व्हा बाजूला, पानी पाजा आधी," म्हणत तिने त्याच्या ओठांतून पाणी आत सोडलं. आम्ही सगळ्यांनी तिला वाट करून दिली. माझ्याही तोंडात तेच होतं, पाणी पाजा.

टेम्पोतल्या गोण्या निम्म्या खाली ढकलल्या आणि त्याला घालून नगरला नेलं. आता एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर असतं, कंडक्टर मात्र अजून नगर-नगर असंच ओरडतो. त्या दिवशी वाटेतला घाट मला संपता संपेना. दवाखान्यात रक्त घेतलं, सलाईन लावलं, डोक्याचा फोटो काढला. मला एका जागी बसवेना. मी बाकावरून उठायचे, खिडकीशी जायचे, परत यायचे. सिस्टर दोनदा म्हणाली, "ताई, बसा हो, पेशंट तुम्ही नाही." मी तिलाही काहीतरी बोलले असणार.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, अंगणवाडीतली माझी पहिली पोरं आता असतील तेवढ्या. त्यांनी गोळ्यांची पाकिटं पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी किती पितात?"

आईची मान ताठ झाली. इतका वेळ तिला कुणी तिच्या बाजूचं काही विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "लई पितो, डाक्टर. माठ रिकामा म्हनून ठिवत न्हाई मी. दुष्काळात बी त्याला कमी पडू दिलं न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग खुर्ची ओढून आईच्या अगदी समोर बसल्या. "आजी, आमटीत पाणी जास्त झालं तर काय होतं? चव जाते ना? मीठ तेवढंच, पण पातळ होतं. यांच्या रक्तातलं मीठ तसं पातळ झालंय. मग पाणी मेंदूत शिरतं, मेंदू सुजतो. उलटी, झोकांड्या, फिट, सगळं त्याचंच. अजून उशीर झाला असता तर..." पुढचं त्यांनी मला बघून सोडून दिलं. काही मनोरुग्णांना अशी तहान लागते, तो हट्ट नसतो, व्यसन नसतं, कोरड्या तोंडाने ती आणखी वाढते, आणि ती नेमकी कशाने लागते हे डॉक्टरांनाही पुरतं कळलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. मला ते आवडलं. इतक्या वर्षांत "कळलेलं नाही" असं म्हणणारं मला कुणीच भेटलं नव्हतं.

आईने विचारलं, "म्हंजी मीठ कमी पडलं?"

"मूळ कारण पाणी. पण जेवणात मीठ कमी असेल तर भरच पडते. अळणी वगैरे काही खात नाहीत ना?"

आई तशीच उठली. मला वाटलं रडायला गेली. दुसऱ्या दिवशी त्याला जेवायला परवानगी मिळाली तेव्हा तिने डबा उघडला, ताटलीत आधी काही वाढलंच नाही. पदराच्या गाठीतून चिमूटभर मीठ काढलं आणि रीतीप्रमाणे ताटलीच्या डाव्या कडेला वाढलं. मग भात. देवाला तिने काय सांगितलं मला माहीत नाही. त्या देवळात ती अजून जाते, पण आत जाऊन फार वेळ बसत नाही.

त्याचं मीठ हळूहळू वर आणलं, कारण घाईने आणलं तरी मेंदूला इजा होते म्हणे. तेवढे दिवस त्याचा एक हात खाटेला बांधावा लागला. वॉर्डातल्या बेसिनचा नळ त्याला दिसत होता. निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं की गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, पाणी ठरवून, थोडं थोडं, दिवसभरात विभागून द्यायचं, आणि रोज सकाळी-संध्याकाळी वजन करायचं. "सकाळपेक्षा संध्याकाळी वजन दोन-तीन किलोने वाढलं तर ते पाणीच समजा. त्या दिवशी आणखी द्यायचं नाही, आणि उलटी, झोकांडी काही दिसलं तर सरळ इकडे आणायचं." घरी वजनाचा काटा आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आहे, कांद्याचा.

तेव्हापासून तो रोज उठून परसाकडे जाऊन आला की कांद्याच्या काट्यावर उभा राहतो. पहिल्या दिवशी हमाल दारातच होता. म्हणाला, "गोनी कितीची भरली, आक्का?" भाऊ खो खो हसला. फिट आल्यापासून तो पहिल्यांदा हसला होता, म्हणून मी हमालाला काही बोलले नाही.

घरातलं सगळं मी बंद केलं. माठ आईच्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात मंगळसूत्राच्या जागी. परसातल्या नळाची चावी काढून घेतली. गाईच्या हौदावर पत्रा. आंघोळीला बसला की दार किलकिलं ठेवायचं आणि मी बाहेर उभी, कारण एकदा त्याने अंगावर घ्यायचे तांबे तोंडात ओतले होते. चाळिशीच्या माणसाची आंघोळ बहिणीने राखायची. त्याने आतून विचारलं, "आक्का, गेलीस का?" मी म्हटलं, "न्हाई." त्या दिवशी मला त्याची इतकी कीव आली आणि इतका राग आला की दोन्ही एकदम कुठे ठेवावं कळेना.

सकाळी अंगणवाडीत मीच पोरांना म्हणायचे, "चला, पाणी प्या सगळे, पाणी प्यायलं की शहाणं होतं." दुपारी घरी येऊन भावाच्या हातातलं फुलपात्र ओढून घ्यायचे.

आणि गावात घरोघर जाऊन सांगत फिरले, त्याला पाणी देऊ नका. पोळ्याचा बैल आला तरी लोक ओवाळतात, पाणी दाखवतात. आणि मी सांगतेय की माझ्या सख्ख्या भावाला पाण्याला नाही म्हणा. गिरणीवाला म्हणाला, "ताई, दुसरं कायबी सांगा." पाणपोईवरचा म्हातारा म्हणाला, "हितं कुनाला न्हाई म्हनायचं नसतंय, त्यासाठीच ती घातलीया." खताच्या दुकानातल्याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी जार भावासमोर सरकवला. कुणी मला खुळी म्हणालं, कुणी त्याहून वाईट. जमिनीत वाटा मिळावा म्हणून बहीण भावाचं पाणी तोडतेय, असंही एकीने नळावर बोलून दाखवलं. मी तिला तिथेच असं धुतलं की तिचा हंडा अर्धाच भरून ती घरी गेली.

पण तोंडाने गाव बदलत नाही. भावाचं वजन कधी ठीक असायचं, कधी संध्याकाळी काटा वर दिसायचा. मग त्याची पावलं बघायची, तो सरळ चालतोय का बघायचं, गाईचं नाव विचारायचं. सांगितलं की हायसं वाटायचं. तेवढ्यापुरतं. मी झोपेतही त्याच्या चालण्याकडे कान देऊन असायचे.

एके दिवशी संध्याकाळी काटा सकाळपेक्षा तीन किलोहून वर गेला. घरातलं सगळं कुलुपात. मी विचारलं, "कुठं प्यालास?" शर्टाचा पुढचा भाग ओला होता आणि त्याला वाळ्याचा वास येत होता. आमच्या माठातला वाळा मी कधीच काढून टाकला होता. गल्लीत दुसऱ्या एकाच घरी माठात वाळा असतो. मी तशीच रस्ता ओलांडून समोरच्या म्हातारीच्या ओट्यावर चढले.

"तुला किती बारी सांगितलं, मावशे, त्याला पानी देऊ नको म्हनून?"

"दारात आलं लेकरू. तोंड कोरडं पडलेलं. म्हनलं पी."

"लेकरू न्हाई ते, चाळीस वरसाचा बाप्या हाय. मरंल तो!"

"मरू दे की मंग मला!" म्हातारीही काही कमी नव्हती. "तहानेल्याला पानी न्हाई म्हनू? मी म्हनू? ह्या हातानं? एका हंड्यासाठी कोसभर चाललीया मी ह्या गावात. माझ्या उंबऱ्यातनं कुत्रं तहानेलं गेलं न्हाई, आन् तू मला तांब्या झाकायला सांगतीस?"

"सांगती! झाक! तुझं पुन्य तुझ्यापाशी ठेव, मला माझा भाऊ पायजे!"

मग मी सुटले. दहा घरांचं, दहा वर्षांचं सगळं बाहेर काढलं. गल्ली दारात येऊन उभी. आई मला मागून ओढतेय, म्हातारी छाती बडवतेय, मी थांबायचं नावच घेईना. घसा फुटायला आला तेव्हा मी वळून पाहिलं. भाऊ आमच्या पायरीवर मांडी घालून बसला होता. मान सरळ, चेहरा असा निवांत की कित्येक वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. आणि हसत होता.

मला वाटलं, आता याच्या एक ठेवून द्यावी. मी तरातरा आले. "हसतोस? तुझ्यापायी मी गावाची वाईट झाले, आन् तू हसतोस?"

तो म्हणाला, "तू भांडत हुतीस तवर ते गप हुते."

"कोन?"

"ते." त्याने कानाकडे बोट केलं. "तुझ्या भांडनात त्यांना शिरायला जागाच सापडत न्हाई. लहानपनापासनं माज्या ध्यानात हाय, तुझं भांडन लई भरीव असतंय." मग थोडं थांबून, खाली बघत म्हणाला, "पानी पिताना बी गप असत्यात. घोट खाली जाईस्तवर. घोट गेला की लागलेच. म्हनून पुन्ना घोट घ्यायचा."

मी त्याच्या शेजारी बसले. इतक्या दिवसांत मी त्याला कुठे प्यालास, किती प्यालास, कुणी दिलं, सगळं विचारलं होतं. डॉक्टरांनी पाण्याने काय होतं ते सांगितलं होतं, आईने देवाला विचारलं होतं, गल्लीने गोळ्यांना दोष दिला होता. आणि हा रोज एकेका घोटाएवढी शांतता पीत होता आणि मी ती ओढून घेत होते. त्याला वाचवायचं म्हणजे तीच ओढून घ्यायची होती. दुसरा मार्ग नव्हता. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला, देवाचा जास्त.

समोरची म्हातारी आपल्या ओट्यावरून सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी भाऊ तिच्या दारात गेला तेव्हा मी खिडकीतून पाहत होते. तिने त्याला खाली बसवलं, त्याच्यासमोर छोटं फुलपात्र ठेवलं, त्यात जेमतेम दोन घोट ओतले आणि आपण समोर बसून बोलायला लागली. कोणाची सून, कुठली विहीर, कोणता दुष्काळ, कुणी कुणाची बांधावरची बाभळ तोडली, थांबायचं नाव नाही. तिला वर्षानुवर्षं ऐकणारं माणूस नव्हतं. पाण्याला तिने नाही म्हटलं नाही, आणि माझाही शब्द राखला. मी तिची माफी मागितली नाही. तिनेही मागितली नाही. श्रावणात तिने पुरणपोळ्या पाठवल्या आणि आईने ताट रिकामं परत केलं नाही.

नगरच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना आम्ही हे सांगितलं. त्यांनी एक गोळी बदलली. म्हणाले, काहींना बोलण्याने, गुणगुणण्याने, कानात गाणी लावून फरक पडतो, करून बघा. आम्ही मोबाईलला हेडफोन आणले. भजनं लावली, लावण्या लावल्या, क्रिकेटची कॉमेंट्री लावली. दोन दिवसांनी त्याने काढून ठेवले. "ते गान्याच्या मागनं बोलत्यात," म्हणाला. नव्या गोळीने थोडं उतरलं, तहानही थोडी उतरली. पण जी उरली ती आहेच. काटा अजून दारात असतो, किल्ली गळ्यात असते. डॉक्टरीणबाई म्हणतात, हे असंच सांभाळत राहायचं. राहायचं म्हणजे किती, ते मी विचारत नाही.

यंदा उन्हाळा लवकर आलाय. परवा अंगणवाडीत दोन मुलं तापाने आडवी, पोषण आहाराचा तांदूळ उशिरा आला, वरून ऑनलाईन माहिती भरायची. डोकं उठलं होतं. घरी आले, चाळीमागे जायचंही त्राण नव्हतं, ओसरीवर बसले. आई आत भाकरी करत होती. सकाळपासून चुलीपुढे होती, तिला पाणी हवं असणार. पण भाऊ दाराशीच होता आणि त्याचं दुपारचं पाणी कधीच पिऊन झालं होतं. मध्येच काट्यावर उभा केला तर काटा वर होता. फार नाही, पण भीती वाटावी इतका. कुठे प्याला होता देव जाणे.

तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मान तिरकी होती. ओठ चाटत होता. माझा हात आपोआप गळ्यातल्या दोऱ्याकडे गेला आणि मी म्हटलं, "मिळायचं न्हाई. काटा बघितला न्हवं?"

"पानी न्हाई मागत."

"मंग?"

"आक्का, जरा भांड ना."

आयुष्यभर मला लोकांनी गप्प बस म्हटलं. आणि आता भांड म्हणणारा समोर उभा, तर माझ्याकडे भांडायला काहीच नव्हतं. अंगात राग शोधला, सापडेना. नुसतं रडू होतं, आणि रडण्याचा त्याला काही उपयोग नव्हता. त्याने माझ्यासमोर मांडी घातली आणि वाट बघत बसला, अगदी लहानपणी बसायचा तसा. कानाशी एकदा हात नेला. आतून आईच्या खोलीचं दार हळूच करकरलं. माझी किल्ली तिने कधी घेतली मला कळलं नव्हतं, गळ्यात नुसताच दोरा होता.

त्याची मान त्या आवाजाकडे वळायला लागली.

"तू!" मी ओरडले. "माझ्या सायकलीची चैन कुनी तोडली हुती, सांग आधी! सातवीत हुतास तू, घाटाखाली सोडून आलास, आन् बापापुढं माझं नाव सांगितलंस! मार मी खाल्ला, तुझ्या वाटनीचा!"

त्याची मान सरळ झाली. तो हसायला लागला. मी उठून उभी राहिले, कमरेला पदर खोचला. सायकल, मग दिवाळीची फटाक्यांची माळ, मग माझ्या लग्नात त्याने पळवलेले पाहुण्यांचे जोडे. समोरची म्हातारी दारात आली आणि कोण चुकलं ते न विचारता मान डोलवायला लागली. आत माठावरची ताटली सरकली. मला ती ऐकू आली. मी आवाज आणखी चढवला.